‘इतर’ रकान्यातली जखीण

पंच्याण्णव नावं होती. जगदेवनं ती आधी वरून खाली वाचली, मग खालून वर, आणि मग चष्मा धोतराच्या सोग्याला पुसून एकेका नावावर बोट ठेवत पुन्हा एकदा. पेपर नातीनं, निकितानं, रिसोडहून आणला होता. ती उंबऱ्यात उभी राहून आबाजीच्या कपाळावरच्या आठ्या वाढताना बघत होती.

“निकिते, याच्यात भूत कोठी हाये?”

“कोणतं भूत, आबाजी?”

“कोणतंबी चालन मले. हडळ असो, मुंजा असो. एक नाई! डाकूचा नाई, मारामारीचा नाई. पोट धरून हसवणारा एकच घेतला, अन् थोबी नव्वदाच्या खाली, उशिरा आलेल्या पाव्हण्याले पंगतीत कोपऱ्यात बसवल्यावानी. बाकी सारे रडणारे!”

“कोण रडून राह्यलं व?” गोजराबाईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

“मराठी सिनेमा, आजी,” निकिता म्हणाली.

पुण्याच्या एका संस्थेनं ‘मराठीतले शंभर श्रेष्ठ चित्रपट’ अशी यादी काढायला घेतली होती. यादीत आलेला चित्रपट ती संस्था दुरुस्त करणार, कॉम्प्युटरवर उतरवणार आणि कायमचा जपून ठेवणार. पंच्याण्णव ठरले होते. पाच जागा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या होत्या, ज्यांच्या प्रती हरवल्या असं सगळे समजतात अशा चित्रपटांसाठी. कोणाच्या घरी असं एखादं रीळ पडून असेल तर कळवा, आमचे समीक्षक येऊन बघतील, असं खाली चौकटीत छापलं होतं. निकितानं पेपर आणला तो या चौकटीसाठी. आबाजी वरच्या यादीतच अडकून बसला होता.

जगदेवच्या खाटेखाली एक लोखंडी पेटी होती आणि पेटीत चार मोठी रिळं होती. ‘बारवेतली जखीण’.

शिरपूर जैनमधल्या साठीपुढच्या कुठल्याही माणसाला विचारलं तर तो सांगेल, जगदेव पंचवीस वर्षं फिरत्या सिनेमाचा ऑपरेटर होता. लहान मशीन, एक पांढरा पडदा आणि दोन बांबू. धनजपासून रिसोडपर्यंत अशी जत्रा नव्हती जिथं त्यानं पडदा बांधला नाही. पुढं टीव्ही आला, मग सीडी आली, मालकानं धंदा गुंडाळला आणि निरोप देताना विचारलं, जगदेव, आठवण म्हणून काय नेशील? जगदेवनं मशीन मागितली आणि ही चार रिळं. मालक हसला होता. “अरे, तू टाळकरी माणूस, अन् मांगून मांगून जखीण मांगतली?”

टाळकरी तर तो होताच. गावात सप्ताह असो की पाच कोसांवर कुठं कीर्तन, जगदेव बुवांच्या मागं टाळ घेऊन उभा. गुडघे कुरकुरायला लागले तरी अजून उभाच. बुवांनी चरण उचललं की त्याचे डोळे भरायचे, आणि दृष्टांतात गंमत आली की सगळ्यांच्या आधी त्याचंच हसू फुटायचं. रडणं मोठं आणि हसणं लहान, असं त्याला कुठल्या बुवांनी कधी शिकवलं नव्हतं.

दोन वर्षांपासून मात्र पेटी उघडली की आंबूस भपकारा यायचा, लोणचं नासल्यासारखा. निकितानं मोबाइलवर शोधून सांगितलं होतं, हा वास म्हणजे फिल्म आतून कुजतेय. पट्टी आखडेल, ठिसूळ होईल, आणि एक दिवस मशीनमधून जाणारच नाही. तिनं मुंबईपुण्याच्या चार ठिकाणी विचारून पाहिलं. दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. म्हणजे बारवेत एकदा मेलेली ती बाई आता पेटीत दुसऱ्यांदा मरत होती, आणि तिला वाचवायची जगदेवला दिसत असलेली एकच वाट त्या पाच जागांमधून जात होती.

निकिता अर्ज भरायला बसली. “नाव झालं. साल झालं. आता प्रकार. सामाजिक, कौटुंबिक, ऐतिहासिक, संतपट, ग्रामीण, इतर.”

“भुताचा रकाना?”

“नाई. इतर.”

“इतर म्हंजे?”

“आबाजी, समीक्षक लोकं त्याले जॉनर फिल्म म्हणतात. म्हंजे भुताचे, मारधाडीचे, हसायचे, अशे एकेका जातीचे सिनेमे.”

“अन् बाकीच्याले जात नाई?”

“बाकीच्याले नुसतं चित्रपट म्हणतात.”

जगदेव खाटेवरून उठलाच. “पाय पोरी, तू कीर्तनात आयकलं हाये का नाई, महादेवाच्या लग्नाचं? वरातीत कोण कोण होतं? भुतं होते, पिशाच्च होते, कोणाले मुंडकं नाई, कोणाले एकच डोया. नवरीची माय पाहूनच बेसुध पडली! पण महादेवानं कोणाले म्हणलं का, तुमी इतर हा, तुमी मांगून या? देवाच्या वरातीत जागा हाये अन् यायच्या यादीत नाई?”

“मंग भरू का नको?”

“भर. इतर तर इतर. येऊ दे त्याले. एकदाची पाहू दे, मंग कसा नाई म्हणते ते पाहू.”

समीक्षक आला तो हरभरा काढून झाल्यावर, फाल्गुनात. नाव ऋषिकेश. चाळिशीतला माणूस, खांद्याला झोळी, बोलणं इतकं हळू की गोजराबाईला दर वाक्याला “काय म्हणते?” असं विचारावं लागायचं. मारोतराव गुरुजींनी रिसोडच्या वाचनालयाचा हॉल मिळवून दिला होता. निवृत्त मुख्याध्यापक, सिनेमाचे शौकीन, आणि जगदेवला चिडवायचा हक्क चाळीस वर्षांचा. दुपारी दोनची वेळ. खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला. तीसेक माणसं जमली. गोजराबाईबरोबर तांड्यावरची तिची मैत्रीण रुखमाबाई आली होती.

ऋषिकेशनं मशीनला हात लावला तो देवळातल्या घंटेला लावावा तसा. जगदेवला ते आवडलं.

“ही अजून चालते?”

“मी चालतो तवरक चालन.”

“साहेब,” गुरुजी म्हणाले, “बाहीर पाण्याचा माठ ठेवला हाये. कोणाले घाम फुटला तर असावं.”

“गुरुजी, भयपट पाहून मी कंटाळतो, घाबरत नाही.” ऋषिकेश हसून म्हणाला आणि पहिल्या रांगेत बसला.

जगदेवनं मनात माउलीचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

चित्रपट साधा होता. सासरच्यांनी सुनेला बारवेत ढकललं आणि पाय घसरला असं गावाला सांगितलं. मग भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, बारवेतून बांगड्या वाजू लागल्या. ही जखीण रात्री येतच नव्हती. अर्धा चित्रपट होईपर्यंत ती दिसतही नव्हती. दिसायच्या त्या बारवेच्या तापलेल्या दगडी पायऱ्या, त्यांच्यावर वर वर येत गेलेली ओली पावलं, आणि ऊन ती पावलं एकेक करून वाळवतंय. किंकाळी नाही, ढोल नाही. सासू दारात धान्य पाखडतेय, तिच्या मागं ओसरीवर एक ओलं पाऊल. सासूला दिसत नाही, आपल्याला दिसतं.

ऑपरेटर पडदा बघत नाही, माणसं बघतो. ती सवय जगदेवची अजून गेली नव्हती. पहिल्या रिळात ऋषिकेशच्या मांडीवर मोबाइल उजळत होता. दुसऱ्यात विझला. तिसऱ्यात त्या ओसरीवरच्या पावलाला त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर गेला आणि बोटं पांढरी पडेपर्यंत तिथंच राहिली. जगदेव अंधारात हसला. आता नाई कसा म्हणतं, बाप्पा?

चौथं रीळ. अख्खा गाव बारव बुजवायला दगड घेऊन येतो. तेव्हा ती पहिल्यांदा पूर्ण दिसते. पाण्यातून निघते, तिसऱ्या पायरीवर येऊन बसते आणि समोर बघते. गावाकडे, म्हणजे आपल्याकडे. काही बोलत नाही. लोकांच्या हातातले दगड तसेच. ती बघतच राहते.

आणि मग वीणा वाजली.

जगदेवनं मान वर करून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर देऊळ आलं, फेटा बांधलेले बुवा आले, मागं टाळकरी, पुढं डोलणारी माणसं, आणि चार मिनिटांचं झकास कीर्तन सुरू झालं.

ते कीर्तन त्या चित्रपटातलं नव्हतं. जखिणीचा पहिला खेळ एका जत्रेत झाला तेव्हा खेळ संपल्यावर बायका जागच्या उठेनात. दुसऱ्या दिवशी त्या गावात कोणी विहिरीवर जाईना. गावचा पाटील सिनेमाच्या मालकाच्या अंगावर धावून आला. तेव्हा जगदेवनं एका फाटक्या, टाकून दिलेल्या संतपटातून कीर्तनाचा तुकडा कापला आणि जखिणीच्या शेवटाला चिकटवला. बायका कीर्तनाला टाळ्या धरत उठायच्या आणि टाळ्या वाजवतच घरी जायच्या. पंचवीस वर्षं तसंच चाललं. इतकं, की महिनाभर रिळं पुसताना, सांधे तपासताना, हा तुकडा आपला आहे हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या लेखी जखीण कीर्तनातच संपायची.

सतरंज्या सुटल्या. ऋषिकेश उभा होता आणि टाळ्या वाजवत होता. डोळे चमकत होते.

“काय विलक्षण शेवट आहे!” हळू बोलणाऱ्या त्या माणसाचा आवाज पहिल्यांदा मागच्या भिंतीपर्यंत गेला. “ती पाहते, आणि तिच्या पाहण्यातून एकदम कीर्तन उसळतं! त्या काळात इतकी मोठी उडी? गुरुजी, हा भुताचा चित्रपट नाहीच मुळी. हा भयपटाचा साचा मोडून पलीकडे जातो. सूड, मग साक्ष, आणि मग भक्ती. मी आज रात्रीच अहवाल लिहितो. पाचातली एक जागा याची.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. गुरुजींनी जगदेवच्या पाठीत थाप मारली. “जिंकला बे जगदेव! अन् कीर्तनावर जिंकला, तुया आवडीच्या!”

निकिता आजीच्या गळ्यात पडली होती. जगदेव मशीनपाशी तसाच उभा. गोजराबाईला सारं ठाऊक होतं. ते कीर्तन चिकटवताना फिल्मचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं. ती जवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, “चूप राहा. आयकलं का? जखीण वाचून राह्यली ना? मंग बस.”

आणि खरंच, गप्प राहायला काय लागत होतं? खोटं त्यानं बोललेलंच नव्हतं. साहेबाला कीर्तन आवडलं, यात वाईट वाटण्यासारखं काय, आणि तेही टाळकऱ्याला? क्षणभर त्याला असंही वाटलं की माउलीनंच ही वाट काढली असेल.

पण मग ऋषिकेश गुरुजींना म्हणाला, “कीर्तन नसतं तर मी याच्यावर दोन ओळीसुद्धा लिहिल्या नसत्या.”

“साहेब,” जगदेव म्हणाला.

गोजराबाईनं डोळे मिटले.

“साहेब, थे कीर्तन सिनेमातलं नोहे. म्या जोडलं हाये. दुसऱ्याच सिनेमातून कापून.”

सगळ्यांच्या माना वळल्या. ऋषिकेश हसऱ्या चेहऱ्यानंच उभा राहिला, कारण चेहऱ्याला अजून खबर लागली नव्हती. “म्हणजे? मग मूळ शेवट कुठला?”

“थे पायरीवर बसते. पाह्यते. बस. तथी संपते.”

“तेवढंच?”

“तेवढंच.”

ऋषिकेशनं वही मिटली. हळूच मिटली, पण जगदेवला ती दार लावल्यासारखी वाटली. “आजोबा, तुम्ही खरं सांगितलंत, फार बरं केलंत. नाहीतर माझी शोभा झाली असती. पण मग हा… चांगला आहे, नाही असं नाही. त्याच्या प्रकारातला चांगला आहे.”

“परकारातला म्हंजे?”

“भुताच्या चित्रपटांमधला. यादीत आम्ही प्रकाराच्या पलीकडे गेलेले चित्रपट घेतो.”

इतक्या दिवसांचं आत साठलेलं मग बाहेर आलं.

“म्हंजे भुतानं भूत राहू नोये, तवा तुमी त्याले घरात घ्यान! हसवणाऱ्यानं शेवटी रडवावं, तवा थो मोठा! अन् रडवणाऱ्याले कोणी म्हणते का, बावा, तू रडण्याच्या पलीकडे जाय, थोडकं हसवून दाखव? त्याले काहून नाई म्हणत? रडणं जात नोहे का?” त्याचा आवाज चढला होता, कीर्तनात मागून झील धरताना चढतो तसा. “आमचे बुवा अभंगाचा अर्थ सांगतात, तवा आमी माना डोलवतो. अन् मंग गोष्ट सांगतात, त्याच्यात राक्षस येते, भूत येते, नकला येतात, लेकरं पोट धरू धरू हासतात. कोणी म्हणलं का, अर्थ तेवढं कीर्तन, अन् गोष्ट इतर? साऱ्या गावच्या गळ्यात तर थे गोष्टच रायते! साहेब, मी पडदा नाई पाह्यत, माणसं पाह्यतो. तिसऱ्या रिळाले तुमी खुर्चीचा दांडा धरला होता.”

ऋषिकेशचे कान लाल झाले. “तो… ते तंत्र आहे, आजोबा. घाबरवणं हे तंत्र आहे.”

“अन् रडवणं?”

ऋषिकेशनं मिटलेली वही झोळीत टाकली. तेवढ्यात मागून रुखमाबाई उठली. पदर डोक्यावरून पुढं घेतला आणि म्हणाली, “मी बोलू का थोडं? या शिनेमानं मी जित्ती हावो, साहेब. माया सासरी मले मारझोड करत होते. घरी सांगतलं तर बाप म्हणे, नांद. मंग आमच्या तांड्याजोळच्या जत्रेत हा शिनेमा लागला. माया मायनं पाह्यला. दुसऱ्या दिवशी पहाटीच माय बापाले हाताले धरून माया सासरी आली, अन् मले घेऊन गेली. काय म्हणे ठाऊक हाये? म्हणे, मले माया पोरीचे ओले पावलं नाई पाहाचे.” ती बसली. मग बसल्या बसल्या म्हणाली, “तवा कीर्तनबिर्तन काई नव्हतं. पयला खेळ होता थो.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसायला घेतला. जगदेवनं हे आजवर ऐकलं नव्हतं. पाटील धावून आला ते त्याला ठाऊक होतं. रुखमाबाईची माय पहाटे उठून चालू लागली, ते नाही.

ऋषिकेश खाली बघत म्हणाला, “हे फार मोठं आहे. खरंच. पण हे सामाजिक मूल्य झालं, बाई. कलामूल्य वेगळं मोजावं लागतं.”

“मोजा,” जगदेव म्हणाला आणि रीळ डब्यात घालू लागला.

बसस्टँडपर्यंत ऋषिकेशला पोचवायला मात्र जगदेवच गेला. पाहुणा होता, आणि पाहुण्यावर राग धरला तरी त्याला एकटं धाडायचं नसतं. दोघांनी चहा घेतला. वाशिमची बस फलाटाला लागली तेव्हा ऋषिकेश एकदम म्हणाला, “त्या ओसरीवरच्या पावलाला मी खरंच घाबरलो होतो. लहानपणानंतर पहिल्यांदा.”

“मंग थेच लिवा ना, साहेब.”

“ते लिहिता येत नाही, आजोबा.”

“काहून?”

तो खिन्न हसला. “बाकीचे समीक्षक हसतील.”

जगदेवनं त्याच्याकडे पाहिलं. इतका शिकलेला, इतका गोड बोलणारा माणूस, आणि भ्यालो म्हणायला भीत होता. राग गेला नाही, पण त्या रागाला बसायला आता हा एकटा माणूस पुरेना. झोळी त्याच्या हातात देऊन जगदेव म्हणाला, “आमच्या गावात एक बाई भ्याली अन् तिनं पोरगी वाचवली. तुमी भ्याले अन् वही मिटली. राम राम.”

पंधरा दिवसांनी मेल आला. निकितानं वाचून दाखवला. प्रतीत बाहेरचा भाग जोडलेला असल्यानं ती अस्सल मानता येत नाही, आणि चित्रपट आपल्या प्रकारात उल्लेखनीय असला तरी यादीच्या कक्षेत बसत नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार. सोबत पूर्ण झालेली यादी होती. उरलेल्या पाच जागा भरल्या होत्या. जगदेवनं विचारलं नाही, पण निकितानं हळूच सांगितलं, “पाची सामाजिक.”

“म्या म्हणलं होतं, चूप राहा,” गोजराबाई म्हणाली. दिवसभरात तिसऱ्यांदा. मग थोड्या वेळानं तिनं स्वतःच खाटेखालची पेटी ओढून काढली, कारण नवरा नुसता भिंतीकडे बघत बसला होता आणि ते तिच्यानं पाहवत नव्हतं. “घ्या. काय करायचं थे करा.”

त्यानं चौथं रीळ काढलं. आंबूस वास खोलीभर झाला. शेवटचा सांधा सापडायला वेळ लागला नाही. चिकटपट्टी पिवळी पडली होती. हातात कात्री घेऊन तो सांध्याकडे बघत बसला, आणि पुण्याच्या लोकांवर जो संताप इतके दिवस उकळत होता तो हळूहळू वळून त्याच्याच अंगावर आला. त्यांनी तिला यादीबाहेर ठेवलं. पण तिच्या तोंडावर पडदा कोणी टाकला होता? ती बघत होती आणि लोकांना ते सोसवत नव्हतं. आणि सोसवू नये म्हणूनच कोणीतरी ती घडवली होती. रुखमाबाईच्या मायला ते सोसवलं नाही म्हणून ती पहाटे उठून चालू लागली. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत किती आया कीर्तनाला टाळ्या वाजवत घरी गेल्या असतील आणि निवांत झोपल्या असतील? नुसतं भूत पुरत नाही, त्याला वर काहीतरी चांगलं लावावं लागतं, असं ठरवणारा पहिला माणूस ऋषिकेश नव्हता. जगदेव होता. आणि कीर्तनाचाही त्यात काय मान राहिला? बुवांना त्यानं भ्यालेल्या बायकांची समजूत काढायला उभं केलं होतं.

त्यानं सांधा कापला. कीर्तनाचा तुकडा गुंडाळून, हात जोडून, वेगळ्या डबीत ठेवला.

“निकिते, तुया मोबाइलवर सिनेमा उतरते का?”

“पडद्यावरून? उतरते, आबाजी. पण थरथरते, चमकते. संस्थेसारखा नाई येत.”

“थरथरू दे. आवाज येते ना? बांगड्या आयकू येतात ना? मंग झालं. यायच्या कृपेची वाट पाहून तिले मरू देऊ काय?”

रविवारी दुपारी शाळेची मोठी खोली मिळाली. भिंतीवर धुतलेलं धोतर ताणून बांधलं. निकितानं तीन बाकं एकावर एक रचून मोबाइल बसवला आणि सगळ्यांना बजावलं, खोकायचं नाही. मारोतराव गुरुजी रिसोडहून आले. रुखमाबाई तांड्यावरच्या दहाबारा बायकांना घेऊन आली, त्यात लग्नाच्या पोरीही होत्या. गावातल्या म्हाताऱ्या आल्या, ज्यांनी हा खेळ तरुणपणी टाळ्या वाजवत संपवला होता. जगदेवनं कोणालाच काही सांगितलं नाही.

पट्टी दोनदा तुटली. दोन्ही वेळा त्यानं बोटांनी चाचपून जोडली, आणि दोन्ही वेळा गुरुजी म्हणाले, “खोकायचं नाई म्हणलं तर जखीणच खोकून राह्यली.” पोरी हसल्या. मग ओसरीवरचं पाऊल आलं आणि हसणं थांबलं.

चौथं रीळ. गाव दगड घेऊन आलं. ती पाण्यातून निघाली, पायरीवर बसली आणि तिनं समोर बघितलं.

म्हाताऱ्यांचे हात सवयीनं टाळीला वर आले. वीणा वाजली नाही. हात तसेच राहिले. ती बघत होती. मग चित्र गेलं, पट्टीचं टोक चाकावर फटफट आपटू लागलं, आणि धोतरावर नुसता पांढरा उजेड राहिला.

जगदेवचा हात बटणाकडे गेला.

“भाऊ,” पुढून रुखमाबाई म्हणाली, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही, “बंद नका करू आत्ताच.”

त्यानं हात मागं घेतला. खोलीत कोणी उठत नव्हतं. दुसऱ्या रांगेतली एक लग्नाची पोरगी आपल्या आईकडे बघत होती, आणि आई त्या पांढऱ्या उजेडाकडे. थोड्या वेळानं आईनं न बघताच पोरीचं मनगट धरलं.